अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा : आपला इतिहास आणि बीडच्या वस्त्यांची तयारी

दरवर्षी जून महिना आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यशवंतांच्या फोटोंनी भरून जातात. शिकवणीवाले चौकाचौकात फलक लावतात. त्याच दिवसांत 'मेरिट' या शब्दाचा सुकाळ होतो. आपल्या पोराला जागा मिळाली तर ती 'कोट्यातून' मिळाली, आणि नाही मिळाली तर 'यांच्यात मेरिटच नाही', असे दोन्ही बाजूंनी ऐकवले जाते. या बोलण्याला आपण भावनेने उत्तर देतो, घोषणेने देतो. इतिहासाने मात्र फार कमी वेळा देतो. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा ही एका पोराच्या हुशारीची परीक्षा आहे, असे आपल्याला शिकवले गेले. गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. आपल्यासाठी तंत्रशिक्षणाचे दार जेव्हा जेव्हा उघडले, तेव्हा ते कोणाच्या तरी संघटित तयारीने उघडले, आणि प्रत्येक वेळी दाराला नवे कुलूप लागले. कधी भाषेचे, कधी धर्माच्या रकान्याचे, कधी फीचे, कधी शिकवणीचे. त्यामुळे परीक्षेची तयारी हेही वस्तीचे आणि संघटनेचे काम आहे.

१९४२ चे निवेदन आपण विसरलो

बाबासाहेब म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते, महाड आठवते, दीक्षाभूमी आठवते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, हेही माहीत असते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यातला शिक्षणाचा भाग किती जणांनी वाचला आहे?

त्या निवेदनात बाबासाहेब नुसते 'शिक्षण द्या' म्हणत नाहीत. ते म्हणतात, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण द्या. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या माणसांना मिळणारा लाभ मर्यादित आहे, विज्ञान-तंत्राचे शिक्षण महाग आहे आणि सरकारी मदतीशिवाय ते आपल्या पोरांच्या आवाक्यात येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी आकड्यांत मागणी केली. देशातल्या विद्यापीठांत आणि तंत्रसंस्थांत शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये, आणि परदेशी विज्ञान-तंत्र शिकायला जाणाऱ्यांसाठी वर्षाला १ लाख रुपये. यानंतर १९४४ पासून केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटी पोर्टलवर ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आपली पोरे भरतात, तिचे मूळ तिथे आहे. ही शिष्यवृत्ती सरकारने खुशीने दिलेली भेट नाही. ती मागून, भांडून घेतलेली आहे.

लक्षात घ्या, हे मागणारा माणूस त्याच काळात देशाच्या पाणी आणि विजेच्या खात्याचे काम पाहत होता. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय जलमार्ग आणि सिंचन आयोग, विजेसाठीचे तांत्रिक मंडळ हे सगळे त्या चार वर्षांतले काम आहे. धरणे बांधणारा, वीज तयार करणारा देश उभा राहणार आहे, आणि त्यात आपला माणूस फक्त पाटी-फावडे घेऊन उभा राहू नये, हे बाबासाहेबांना स्वातंत्र्याच्या आधी दिसत होते.

निजामाच्या राज्यातला बीड

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण एकोणिसाव्या शतकात सुरू झाले होते. पुण्याची शाळा १८५४ ची, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. मराठवाड्याच्या माणसासाठी उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. घरात मराठी, गावकीत हुकूम, कचेरीत उर्दू. ज्याला शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नव्हते, त्याने परक्या भाषेतून मॅट्रिक होऊन हैदराबाद गाठायचे कसे? गुणवत्तेचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. परीक्षेच्या खोलीपर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती.

ही वाट बाबासाहेबांनी बांधली. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या खेड्यांतून पोरे नागसेनवनात आली. ती आली याचे कारण नुसते महाविद्यालय नव्हते. तिथे वसतिगृह होते, शिष्यवृत्ती होती, आणि आपल्यासारखीच सोबतची पोरे होती. बाबासाहेबांची ही पद्धत जुनी होती. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली १९२४ मध्ये, आणि १९२५ च्या सुरुवातीला सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले. त्याआधी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच केले होते. आधी राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि दिवा, मग अभ्यास. 'पोराने जिद्द धरावी, बाकी आपोआप होते' असे या दोघांपैकी कोणीही मानले नाही.

यंत्रे आली, यंत्रज्ञ कोण झाले?

१९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आले. १९६० ला औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. पुढच्या दशकांत परळीचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, जायकवाडीचे कालवे खोदले गेले, माजलगावचे धरण झाले. या सगळ्या कामांवर आपल्या आईबापांनी माती उचलली, खडी फोडली. नकाशा हातात धरणारे साहेब मात्र बहुतेक बाहेरून आले. बीड जिल्ह्यात अभियंत्याची गरज नव्हती असे नाही. अभियंता आपल्या वस्तीतून तयार होण्याची व्यवस्था नव्हती.

मिलिंदमधून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीने प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा काय झाले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोराला 'सरकारचा जावई' म्हणून हिणवले गेले. हा राग विद्यापीठाच्या पाटीपुरता नव्हता. काल गावकुसाबाहेर असलेला पोरगा आज वर्गात शेजारी बसतो, परीक्षेला बसतो, पुढे जातो, याचा तो राग होता.

धर्माच्या रकान्यातले कुलूप

एक गोष्ट आपल्या तरुणांना सहसा कोणी सांगत नाही. आयआयटींची संयुक्त प्रवेश परीक्षा १९६१ ला सुरू झाली. तिथे अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या १९७३ मध्ये. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांचे काय? केंद्राच्या लेखी अनुसूचित जात म्हणजे हिंदू किंवा शीख. महाराष्ट्राने राज्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. केंद्राच्या यादीत बौद्ध आले ते १९९० च्या कायदादुरुस्तीने.

म्हणजे हिशेब करा. १९७३ ते १९९०, सतरा वर्षे, आयआयटीत अनुसूचित जातींसाठी जागा होत्या आणि दाखल्यावर 'बौद्ध' लिहिणाऱ्या पोराला त्या मागता येत नव्हत्या. ज्याने जात सोडली, त्याला जातीची शिक्षा चालू राहिली, पण तिच्यावरचा उपाय नाकारला गेला. पहिल्या पिढीचे आयआयटीयन आपल्यात इतके थोडे का, असे कोणी विचारले तर हे उत्तर तोंडावर असू द्या. पहिली पिढीच नसेल, तर दुसऱ्या पिढीला घरात सांगणारे कोण असणार? मेरिट म्हणून जे मिरवले जाते, त्यात घरातल्या काकाने, मामाने सांगितलेल्या गोष्टींचा वाटा किती, हे कधी मोजले जात नाही.

बाजार आला

१९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे धोरण आले. जागा वाढल्या, सोबत देणग्या आणि भरमसाठ फीही आली. खासगी विनाअनुदानित संस्थांमधल्या आरक्षणाला राज्यघटनेत स्पष्ट आधार मिळायला ९३ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली, आणि ती लागू झाली २००६ मध्ये.

त्याच काळात शेजारच्या लातूरला 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला. त्याचे गुपित काही मोठे नव्हते. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उजळणी करायची, आणि सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यायच्या. चूक कुठे झाली ते त्याच दिवशी पोराला दाखवायचे. मराठवाड्याची पोरे कमी नाहीत हे या पद्धतीने सिद्ध केले. पण यथावकाश पद्धतीभोवती बाजार उभा राहिला. बीडचा पालक लातूरला, औरंगाबादला, कोटाला पोर पाठवू लागला. ज्याच्याकडे विकायला जमीन होती त्याने ती विकली. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने काय विकायचे?

परीक्षाही बदलत राहिली. आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होता, मग सीईटी आली. २०१४ आणि २०१५ ला राज्याने अभियांत्रिकीसाठी जेईई मेन धरली, २०१६ ला पुन्हा सीईटी आणली. शहरातला पालक असा बदल महिनाभरात समजून घेतो. वडवणी-पाटोद्याच्या वस्तीत तो कळेपर्यंत अर्जाची तारीख निघून जाते.

कोयत्याचे आणि परीक्षेचे वेळापत्रक

आता बीडचे खास कुलूप पाहा. आपला जिल्हा ऊसतोडीचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जाते आणि उन्हाळ्यात परत येते. आता बारावीच्या विज्ञान शाखेचे वर्ष याच्या शेजारी ठेवा. जेईई मेनचा अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर. पहिले सत्र जानेवारीत. प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जेईईचे दुसरे सत्र एप्रिलमध्ये. त्याच सुमारास सीईटी. म्हणजे ज्या सहा महिन्यांत पोराला आईच्या हातची भाकरी, घरातली शांतता आणि कागदावर सही करणारा बाप लागतो, त्या सहा महिन्यांत घराला कुलूप असते. पोरगी असेल तर धाकट्यांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे तिच्यावर येते, नाहीतर तिचे लग्न उरकले जाते.

हे पोर आणि पुण्यातल्या प्राध्यापकाचे पोर एकाच दिवशी एकाच संगणकासमोर बसतात. निकालाच्या आकड्यात यातले काहीही दिसत नाही.

मग तयारी कशी करायची?

काही मित्र म्हणतील, व्यवस्थाच अन्यायाची असेल तर परीक्षेच्या मागे कशाला लागायचे, व्यवस्थेविरुद्ध लढा. आमचे उत्तर असे की बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदनही दिले आणि महाविद्यालयही काढले. दोन्ही कामे एकाच वेळी केली. दुसरे मित्र म्हणतील, ज्याच्यात दम आहे तो कुठूनही निघतो. निघतो, हे खरे. पण चळवळ एखाद्या दमदार पोराच्या सत्कारासाठी नसते, शंभर साध्या पोरांच्या वाटेसाठी असते.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे.

पहिले, कागद. प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून जागा हातची जाते, हे दरवर्षी घडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपल्याकडची जुनी दफ्तरे निजामी, कित्येकदा उर्दूत किंवा मोडीत. ती शोधायला, वाचून घ्यायला वेळ लागतो. त्यामुळे पोर अकरावीला गेले की त्याच महिन्यात आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला लागा. रक्तनात्यातल्या कोणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत मिळवा. केंद्राच्या संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेगळा काढून ठेवा. आईबाप कारखान्यावर जाण्याआधी सह्या, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते हे सगळे उरकलेले असले पाहिजे.

दुसरे, परीक्षेची ओळख. दोन्ही परीक्षा सारख्या नाहीत. राज्याच्या सीईटीत पीसीएम गटाला १५० प्रश्न आणि २०० गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची आहे. चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, तेव्हा अकरावी 'आरामाचे वर्ष' समजणे म्हणजे चाळीस गुण सोडून देणे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. तिथे अंदाज महागात पडतो. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर चालते, जेईईसाठी एनसीईआरटीची पुस्तके हवीत. बालभारती आणि एनसीईआरटी या दोघांची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात.

तिसरे, भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले पोर अकरावीला अचानक इंग्रजीत पडते. तिथेच निम्मी पोरे मनाने हरतात, आणि आपण समजतो त्यांना गणित येत नाही. २०२१ पासून जेईई मेन मराठीसह तेरा भाषांत होते. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. म्हणून दहावीच्या सुट्टीत दोन महिने एकच काम करावे. गणित-विज्ञानातले इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवून पाठ करायचे. जडत्व, प्रवेग, घात, विकलन हे शब्द पोराला कळतात, त्यांची इंग्रजी नावे तेवढी ओळखीची करायची आहेत. याला शिकवणी लागत नाही, बारावी झालेली ताई पुरते.

चौथे, सराव. लातूरने जे केले ते वस्तीतल्या विहारात करता येते. आठवड्यातला एक दिवस ठरवा. घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची. दुसऱ्या दिवशी चुकांची वही भरायची. चूक सूत्राची, आकडेमोडीची, की प्रश्न न समजल्याची, ते शेजारी लिहायचे. महिन्याने तेच चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. परीक्षा संगणकावर असते, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत एखाद्या संगणक केंद्राशी बोलून पोरांना पडद्यावर सराव द्या. ज्याने कधी माउस धरला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे घाबरण्यातच जातात.

पाचवे, पैसा आणि तारीख. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते. गावाने पैसे गोळा केले, पण वेळ संपली आणि जागा गेली. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. म्हणून तालुक्यात एक निधी हवा, तो जागा पक्की करण्याच्या दिवशी उसना मिळावा आणि शिष्यवृत्ती आली की परत यावा. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. राज्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप, आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. हे पालकाला आधीच सांगा. 'आपल्याला परवडणार नाही' म्हणून अर्जच न भरणारी घरे आम्ही वस्तीवस्तीत पाहतो.

आणि ज्याला थेट प्रवेश परीक्षा झेपत नाही, त्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनाची वाट दाखवा. तीन वर्षांची पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. ही वाट कमीपणाची नाही.

जयंती आणि अभ्यासिका

शेवटी एक बोचरी गोष्ट. १४ एप्रिलला आपल्याकडे बाबासाहेबांना अभिवादन म्हणून अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला उपक्रम आहे. पण एक दिवस अठरा तास बसण्यापेक्षा तीनशे दिवस तीन तास बसायला जागा मिळणे पोराला जास्त उपयोगाचे आहे. आणि एप्रिल हाच जेईई-सीईटीचा हंगाम आहे. ज्या आठवड्यात वस्तीतले पोर शेवटची उजळणी करत असते, त्याच आठवड्यात त्याच्या खिडकीखाली डीजेच्या भिंती उभ्या राहतात. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. जयंती हा आपला श्वास आहे. आम्ही एवढेच म्हणतो की वर्गणीतला ठरावीक वाटा अभ्यासिकेला जावा. विहाराला वीज, पंखे, इंटरनेट, वीस खुर्च्या आणि पुस्तकांचे एक कपाट, एवढ्याने सुरुवात होते. आईबाप तोडीला गेलेल्या पोरांसाठी सहा महिने रात्रीच्या जेवणाची पाळी वस्तीतल्या घरांनी वाटून घेतली, तर तेच आपले वसतिगृह.

याबरोबर सरकारकडे मागणीही चालू ठेवायची आहे. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी इथल्या सामाजिक न्यायाच्या वसतिगृहांत जागा वाढवा, अकरावी-बारावी विज्ञानाच्या पोरांना शिकवणी तिथेच द्या, हंगामी वसतिगृहे बारावीपर्यंत न्या, आणि शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत खात्यात जमा करा. १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी रक्कम लिहून मागणी केली होती. आपणही तालुक्यातली पोरे मोजून, जागा मोजून, रुपये मोजून मागणी करू. मोघम मागणीला मोघम आश्वासन मिळते.

येत्या जूनपासून सुरुवात करा. आपल्या गावात, आपल्या वस्तीत दहावी पास झालेल्या आणि विज्ञान घेऊ इच्छिणाऱ्या पोरा-पोरींची यादी करा. यादीत चार नावे असली तरी चालेल. त्या चौघांचे कागद, पुस्तके, बसायची जागा आणि रविवारची परीक्षा, एवढी जबाबदारी दोन कार्यकर्त्यांनी दोन वर्षे घ्यावी.

जयभीम!